लाल दिव्यावाचून चाकरी

(बी. ए. भाग २)

स्पर्धा परीक्षा हा आज आपल्या महाविद्यालयातील सर्वांत लोकप्रिय विषय आहे आणि तो एकाही वर्गाच्या वेळापत्रकात नाही. अभ्यासिकेत जागा मिळवायची तर सकाळी साडेसातला दारात उभे राहावे लागते. गावागावांत, चौकाचौकांत फौजदार झालेल्या, तहसीलदार झालेल्या मुलामुलींच्या अभिनंदनाचे फलक लागतात. हे चांगलेच आहे. ज्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते (माझे घर त्यांपैकीच एक) त्या घराला सरकारी अधिकारी म्हणजे काय, हे अशा फलकावरूनच प्रथम कळते. पण माझी एक तक्रार आहे. अधिकारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाडी, शिपाई, खुर्ची आणि सलाम एवढेच उभे राहते. गाड्यांवरचा लाल दिवा सरकारने १ मे २०१७ पासून काढून टाकला. आपल्या मनातला दिवा मात्र अजून तसाच फिरतो आहे.

या लेखात मी अशा एका अधिकाऱ्याविषयी लिहिणार आहे, ज्याचे नाव आपल्या अभ्यासिकेतील दहा जणांना विचारले तरी एकालाही सांगता येणार नाही. मी विचारून पाहिले आहे. त्यांचे नाव चंद्रशेखर भास्कर भावे. १९७५ च्या तुकडीचे, महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी. पुढे ते ‘सेबी’चे, म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाचे अध्यक्ष झाले. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सेबीवर दीड पान आहे : स्थापना, उद्दिष्टे, कार्ये. ते पाठ करून गुण मिळतात. पण ती कार्ये करणारी माणसे कोण, त्यांना ती करताना कोणाशी भांडावे लागले, हे त्या दीड पानात नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, शेअर बाजाराशी आपला काय संबंध? आपण उसाची, दुधाची आणि भिशीची माणसे. त्यांनी एक करावे. घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचे पॅन कार्ड असेल तर ते उलटे करून पाहावे. माझ्या वडिलांच्या कार्डावर पुण्याच्या मॉडेल कॉलनीचा पत्ता आहे आणि त्याच्या वर चार अक्षरे आहेत : एन. एस. डी. एल. नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी लिमिटेड. ही संस्था भाव्यांनी उभी केली. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाच्या खिशात ज्या संस्थेचे नाव आहे, तिच्याशी त्याचा संबंध नाही असे कसे म्हणता येईल?

ही संस्था का काढावी लागली ते थोडे विस्ताराने सांगते, कारण खरी मौज त्यातच आहे. पूर्वी शेअर म्हणजे कागद होता. विकणाऱ्याने त्या कागदासोबत हस्तांतराच्या फॉर्मवर सही करून द्यायची, तो कागद दलालांमार्फत घेणाऱ्याकडे जायचा, घेणाऱ्याने तो कंपनीकडे पाठवायचा आणि कंपनीने आपल्या वहीत नाव बदलायचे. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार झाला की फेरफार नोंदवून सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत जो जीव टांगणीला लागतो, तोच प्रकार. त्यात कागद टपालात हरवायचे, चोरीला जायचे, खोटे छापले जायचे. सही थोडी वेगळी आली की कागद परत. महिनोन् महिने पैसे दिलेला माणूस आपल्या शेअरची वाट पाहत बसे. मुंबईचा शेअर बाजार १८७५ पासूनचा, पण शंभरावर वर्षे तो अशा गठ्ठ्यांवरच चालला होता.

त्यावर देखरेख कोणाची होती? १९४७ च्या कायद्याप्रमाणे अर्थखात्यातील एक नियंत्रक कंपन्यांनी किती भांडवल उभारावे आणि कोणत्या किमतीला, हे ठरवीत असे. १९५६ च्या कायद्याने शेअर बाजारांवर सरकारचा हात आला. सेबीची स्थापना १२ एप्रिल १९८८ रोजी झाली, पण तिला कायद्याचे दात नव्हते. ते १९९२ साली मिळाले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले. म्हणजे राखणदार कामावर रुजू होतो आहे आणि त्याच आठवड्यात वाड्यावर दरोडा पडल्याची बातमी येते आहे, अशी गत. याच १९९२ मध्ये भावे सेबीत वरिष्ठ कार्यकारी संचालक म्हणून आले. शिक्षणाने ते विद्युत अभियंता.

चार वर्षे तेथे काढल्यावर त्यांनी जे केले ते आपल्या फलक-संस्कृतीला न पटणारे आहे. १९९६ मध्ये त्यांनी भारतीय प्रशासन सेवा सोडली. ज्या नोकरीसाठी मुले वयाची तिशी अभ्यासिकेत घालवतात, ती नोकरी हातात असताना सोडून ते डिपॉझिटरी उभारायला गेले. डिपॉझिटरी कायदा १९९६ मध्ये झाला आणि ८ नोव्हेंबर १९९६ रोजी एन.एस.डी.एल. सुरू झाली. कागदाच्या जागी संगणकातील नोंद आली. बँकेत जसे पैसे, तसे डीमॅट खात्यात शेअर. सुरुवातीला दलालांचा विरोध होता, कंपन्यांना घाई नव्हती, लोकांना हातात कागद नसल्याची भीती वाटे. सेबीने एकेका मोठ्या कंपनीचे व्यवहार कागदाविना सक्तीचे करत नेले आणि काही वर्षांत तो गठ्ठा इतिहासजमा झाला. २०२२ साली देशातील डीमॅट खाती दहा कोटींवर गेली. खोट्या शेअर-कागदाचा धंदा पोलिसांनी धाड घालून जेवढा बंद केला नसता, तेवढा या एका व्यवस्थेने बंद केला. मला विचाराल तर भाव्यांच्या अध्यक्षपदापेक्षा ही बारा वर्षे मोठी आहेत. पण अशा कामाला हार घालता येत नाही, कारण न घडलेल्या चोरीचा पंचनामा होत नसतो.

फेब्रुवारी २००८ मध्ये ते सेबीचे अध्यक्ष झाले. म्हणजे १९९२ पासून पाहिले तर २०११ पर्यंत एकोणीस वर्षे हा माणूस एकाच विषयात राहिला. आपल्याकडे अधिकारी आज शिक्षणात, उद्या पशुसंवर्धनात, परवा गृहनिर्माणात. विषय समजू लागतो तोच बदलीचा हुकूम येतो. एका माणसाने एकाच शेतात एकोणीस वर्षे नांगर धरला तर काय पिकते, याचे हे उदाहरण म्हणून मी त्यांच्याकडे पाहते.

अध्यक्षपदाची वर्षे तीनच, पण ती भांडणाची. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडातील ‘एंट्री लोड’ बंद झाला. आतापर्यंत कोणी दहा हजार रुपये गुंतवले की त्यातून सव्वादोन टक्के, म्हणजे सव्वादोनशे रुपयांपर्यंत रक्कम आधीच कापली जाई आणि ती विक्रेत्याच्या कमिशनला जाई. गुंतवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. भाव्यांच्या सेबीने सांगितले की कमिशन द्यायचे तर ते गुंतवणाऱ्याने स्वतः, ठरवून, उघड द्यावे. त्याआधी २००८ मध्येच नव्या शेअरच्या अर्जासाठी अशी सोय आली की अर्जाचे पैसे आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवले जातात आणि शेअर मिळाले तरच कापले जातात. पूर्वी ते पैसे आधीच जात आणि परताव्याच्या चेकची वाट पाहावी लागे, तेवढ्या दिवसांचे व्याज दुसऱ्याचे. लहान माणसाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी लाखमोलाच्या आहेत.

मग युलिपचे प्रकरण. युलिप म्हणजे विम्याच्या वेष्टनात गुंडाळलेली गुंतवणूक. पहिल्या वर्षांच्या हप्त्यातील मोठा वाटा कमिशन आणि खर्चात जाई. सेबीचे म्हणणे असे की ही गुंतवणूक आहे, तेव्हा आमची परवानगी लागेल. ९ एप्रिल २०१० रोजी चौदा विमा कंपन्यांवर तसा आदेश निघाला. विमा नियामकाने उलट सांगितले. दोन सरकारी संस्था चव्हाट्यावर भांडू लागल्या. शेवटी १८ जून २०१० रोजी सरकारने वटहुकूम काढून युलिप विमा नियामकाकडे ठेवला. सेबी हरली. पण गंमत पाहा : जिंकलेल्या विमा नियामकानेच १ सप्टेंबर २०१० पासून युलिपच्या खर्चावर मर्यादा घातल्या आणि पैसे अडकण्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. भांडणात हरून काम करून घेणे याला म्हणतात. सासू-सुनेच्या भांडणात शेजारणीच्या घरचे भांडे घासून निघावे, तसे.

आणि सहारा. त्या समूहाच्या दोन कंपन्यांनी परिवर्तनीय कर्जरोखे काढून कोट्यवधी लोकांकडून पैसे गोळा केले होते. कंपन्यांचे म्हणणे होते की ही खाजगी देवघेव आहे, आमच्या परिवारातील लोकांपुरती. २४ नोव्हेंबर २०१० रोजी सेबीने त्या गोळा करण्याला मनाई केली. त्या आदेशावर सही पूर्णवेळ सदस्य डॉ. के. एम. अब्राहम यांची आहे, तेव्हा श्रेय त्यांना आधी. भावे अध्यक्ष होते. पुढे ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेबीचे म्हणणे उचलून धरले आणि चोवीस हजार कोटींहून अधिक रक्कम पंधरा टक्के व्याजासह परत करण्यास सांगितले. न्यायालयाने मानलेला मुद्दा साधा आहे. पन्नास किंवा त्याहून अधिक लोकांना रोखे देऊ केले की ती जाहीर विक्री, मग त्याला परिवार म्हणा की गोतावळा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे जयंतीचे भाषण होईल. भावे ज्या डिपॉझिटरीचे प्रमुख होते, तिच्यावरच सेबीची चौकशी चालू असताना ते सेबीचे अध्यक्ष झाले. २००५ मध्ये उघडकीस आले होते की नव्या शेअरमधील लहान गुंतवणूकदारांचा वाटा लाटण्यासाठी हजारो खोट्या नावांची डीमॅट खाती उघडली गेली होती. खाती उघडणारे वेगळे होते, पण डिपॉझिटरीने काय पाहिले, हा प्रश्न उरतोच. भाव्यांना त्या प्रकरणापासून दूर ठेवण्यात आले आणि दोन सदस्यांच्या समितीकडे ते सोपवले. त्या समितीने डिपॉझिटरीवर ठपका ठेवला तेव्हा २००९ मध्ये सेबीच्या मंडळाने ते आदेशच निरर्थक ठरवले. यावर टीका झाली आणि ती योग्य होती असे माझे मत आहे. भावे त्या बैठकीत नसतील, पण ज्याच्या घरचा वाद आहे त्याच्याच ओसरीवर न्याय बसवला की लोक कुजबुजणारच. नेमणूक करतानाच सरकारने याचा विचार करायला हवा होता.

एंट्री लोडबद्दलही टीकाकारांचे म्हणणे होते की कमिशन गेल्यावर लहान गावातील विक्रेता म्युच्युअल फंड विकायचे सोडून विमा विकू लागला, कारण तेथे कमिशन होते. यात तथ्य आहे. २०१२ मध्ये, भाव्यांच्या नंतर, सेबीलाच मोठ्या पंधरा शहरांबाहेरून येणाऱ्या पैशासाठी थोडा जादा खर्च आकारू द्यावा लागला. मुंबईत बसून काढलेला नियम कोल्हापूर ओलांडून उचगावला येईपर्यंत कसा वळतो, हे मुंबईला नेहमी उशिरा कळते. तरीही मी भाव्यांच्या बाजूची आहे. माणसाला न सांगता त्याच्या पैशातून कापून घेणे चूकच, विक्रेता रुसला तरी चूकच.

तीन वर्षांची मुदत संपली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भावे गेले. मुदतवाढ मिळाली नाही. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष सहा वर्षे राहिले. २०१४ मध्ये एका एक्स्चेंजला पूर्वी दिलेल्या परवानगीवरून सी. बी. आय. ने भावे आणि अब्राहम यांच्याविरुद्ध प्राथमिक चौकशी सुरू केली. त्यातून गुन्हा उभा राहिला नाही. पण निवृत्त माणसाच्या दारात चौकशी उभी राहते, हे पाहून खुर्चीवर बसलेला पुढचा अधिकारी काय शिकेल? तो शिकेल की फाइल तुंबवून ठेवणे सर्वांत सुरक्षित. आपल्याकडे निर्णय न घेणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी झाल्याचे कोणी ऐकले आहे का?

मला या विषयाची ओढ का लागली ते आता सांगते. आमची आई गांधीनगरच्या व्यापाऱ्यांकडून कपडे आणून शिवते. नगावर मजुरी. त्यातून तिने पाच वर्षे, महिना पाचशे रुपयांप्रमाणे, एका कंपनीच्या योजनेत भरले. कंपनीचे नाव घेत नाही, त्याने काही होणार नाही. पैसे गोळा करणारे आमच्याच गल्लीतले, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. मी सहावीत असताना कंपनीच्या कचेरीला कुलूप लागले. तीस हजार रुपये, आणि वर मिळणार होते ते वेगळेच. आई गल्लीतल्या बायकांबरोबर एका कार्यालयात गेली, तेथून दुसऱ्या, तेथून तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी सांगण्यात आले की हे आमच्याकडे येत नाही. पावत्या अजून ट्रंकेत तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. आण्णांची बायको आता हळदीकुंकवाला येत नाही. मी एकदा रागाने त्यांच्याबद्दल बोलले तर आई म्हणाली, “त्यांचं तरी काय चुकलं गं? त्यांच्या बायकूची बोरमाळ त्यातच गेली की.”

‘हे आमच्याकडे येत नाही’ या वाक्याचा अर्थ मला भाव्यांची कारकीर्द वाचताना लागला. पैसे एकच, पण त्यावर हक्क सांगणारी कुंपणे अनेक. शेअर आणि कर्जरोखे सेबीकडे. विमा विमा नियामकाकडे. बँका आणि वित्त कंपन्या रिझर्व्ह बँकेकडे. पतसंस्था सहकार खात्याकडे. भिशी, म्हणजे चिट फंड, १९८२ च्या कायद्याने राज्याकडे. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, तो पोलीस आणि न्यायालयाकडे. लुबाडणारा हुशार असतो, तो दोन कुंपणांच्या मधल्या बांधावर दुकान मांडतो. नव्वदीच्या दशकात सागवानाच्या झाडांवर पैसे गोळा करणाऱ्या कंपन्या याच बांधावर होत्या. त्यांना सेबीच्या कुंपणात आणणारे नियम १९९९ मध्ये झाले, तोवर झाडे आणि पैसे दोन्ही गेले होते. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा तर २०१९ मध्ये आला. सहारा प्रकरणात नेमका हाच वाद होता : कुंपण कोणाचे? युलिपमध्येही तोच. म्हणून ‘आमच्याकडे येत नाही’ न म्हणता ‘आमच्याकडे येते’ असे म्हणत भांडायला गेलेला नियामक मला मोठा वाटतो. एका भांडणात तो हरला हे मला गौण वाटते. आईच्या वाट्याला असा एक जरी टेबलवाला आला असता, तरी तिचा दिवसाचा पगार बुडवून केलेल्या फेऱ्या वाचल्या असत्या.

यावर काही मित्र म्हणतात की आता जग बदलले, आता सगळे मोबाईलवर आहे, सगळ्यांना सगळे कळते. खरेच का? सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने स्वतःचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीवर व्यक्तींपैकी त्र्याण्णव टक्के लोकांना तोटा झाला, आणि तो सारा मिळून एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक. आपल्या कॅन्टीनमध्ये तासाला दांडी मारून मोबाईलवर लाल-हिरव्या रेषा पाहणारे कोण आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या खिशातला पैसा वडिलांच्या उसाच्या बिलाचा असतो. आण्णांच्या पावती पुस्तकावर निदान आण्णांची सही होती. येथे कोणाची आहे? सेबीचा अहवाल इंग्रजीत येतो. त्या मुलांना बोलावणारी चित्रफीत मात्र अस्सल कोल्हापुरी मराठीत येते. नियामकाने लुबाडणाऱ्यापेक्षा वाईट मराठी बोलावी, हे मला पटत नाही.

शेवटी अभ्यासिकेतील मित्रमैत्रिणींसाठी एक माहिती. सेबी स्वतःचे अधिकारी स्वतःच्या परीक्षेने घेते. त्या पदाला ‘ग्रेड ए’ म्हणतात. सामान्य शाखेसाठी कोणत्याही विषयातील पदव्युत्तर पदवी चालते, म्हणजे एम. ए. झालेल्यांनाही दार उघडे आहे. अभ्यासक्रमात अर्थशास्त्र आहे, कंपनी कायदा आहे, हिशेब आहेत. आमच्या वर्गातील दोघींनी तो उतरवून घेऊन वहीला चिकटवला आहे, त्यांतली एक मी. इंग्रजीचा एक लेखी पेपर आहे, त्याची मात्र आम्हा दोघींनाही धास्ती आहे.